जातीसाठी उघडलेला दरवाजा लैंगिक कलासाठी बंद कसा करणार?

सावदा स्टेशनवरून भुसावळ जंक्शन ओलांडले, की जळगावच्या आधी भादली लागते. या भादली बुद्रुक गावच्या ग्रामपंचायत निवडणुकीसाठी डिसेंबर २०२० मध्ये अंजली पाटील, म्हणजे अंजली गुरू संजना जान, यांनी सर्वसाधारण महिला राखीव जागेवर उमेदवारी अर्ज भरला. अंजली तृतीयपंथी आहेत. छाननीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने त्यांचा अर्ज बाद केला. तृतीयपंथीयांसाठी गावात वेगळी जागा नाही आणि ही जागा महिलांची आहे, असे कारण देण्यात आले. म्हणजे उभे राहायला कुठेच जागा नाही! अंजली मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी निकाल दिला, की स्वतःची लिंगभाव ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, अंजली स्वतःला स्त्री मानतात, म्हणून त्या महिला राखीव जागेवर उभ्या राहू शकतात. मात्र पुढे सोयीनुसार ही ओळख बदलता येणार नाही, अशी अट न्यायालयाने घातली. त्याच महिन्यात मतदान झाले आणि अंजली निवडून आल्या.

हा निकाल आकाशातून पडला नाही. त्याच्यामागे २०१९ चा तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा होता. त्या कायद्यामागे सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा ‘नालसा’ निकाल होता. त्या निकालाला आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायद्याचा आधार होता. म्हणजे जिनिव्हात झालेल्या चर्चेचा धागा जळगाव तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीपर्यंत येऊन पोहोचला. हा धागा कसा विणला गेला, तो आपल्या चळवळीच्या धाग्याशी कुठे जुळतो आणि कुठे तो अजून तुटका आहे, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत.

आधी शब्द समजून घेऊ

लैंगिक कल म्हणजे माणसाला कोणाबद्दल प्रेम आणि शारीरिक आकर्षण वाटते ते. पुरुषाला पुरुषाबद्दल किंवा स्त्रीला स्त्रीबद्दल असे आकर्षण वाटत असेल तर ती व्यक्ती समलैंगिक. दोघांबद्दलही वाटत असेल तर उभयलैंगिक. लिंगभाव ओळख ही वेगळी गोष्ट आहे. माणूस स्वतःला पुरुष मानतो, स्त्री मानतो की या दोन्हींच्या पलीकडे मानतो, हा तिचा प्रश्न. अंजली पाटील यांचा खटला ओळखीचा होता, कलाचा नव्हता. बोलताना आपण या दोन्हींची सरमिसळ करतो आणि दोघांनाही एकाच शिवीने हाक मारतो.

आणखी एक गोष्ट. समलैंगिकता हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी तिला आजारांच्या यादीतून काढले. म्हणून दरवर्षी १७ मे हा दिवस या भेदभावाच्या विरोधात जगभर पाळला जातो. ‘डॉक्टरकडे नेऊन बरा करून आणू’ किंवा ‘लग्न लावले की सुधारेल’ या दोन्ही समजुतींना विज्ञानात आधार नाही.

जाहीरनाम्यात हा शब्द नव्हता

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्याच कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघू शकेल असा इंग्रजी शब्द होता. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी तो बदलून ‘सर्व मानव’ असा करायला लावला. एका शब्दाने किती फरक पडतो, याचे हे पहिले उदाहरण.

जाहीरनाम्यानंतर १९६६ मध्ये दोन मोठे करार झाले. एक नागरी व राजकीय हक्कांचा, दुसरा आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा. भारताने १९७९ मध्ये दोन्ही मान्य केले. कोणत्या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, याची यादी या करारांत आहे: वंश, रंग, लिंग, भाषा, धर्म, राजकीय मत, मालमत्ता, जन्म ‘किंवा इतर दर्जा’. या यादीत लैंगिक कल नाही. आणि वाचकहो, नीट पाहा, या यादीत जातही नाही!

मग लैंगिक कल आत आला कसा?

ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया राज्यात दोन प्रौढ पुरुषांचा परस्परसंमतीने आलेला संबंध गुन्हा होता. निकोलस टूनेन या कार्यकर्त्याने १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे तक्रार केली. त्यांच्यावर खटला भरलेला नव्हता, त्यांना अटकही झालेली नव्हती. त्यांचे म्हणणे एवढेच होते, की हा कायदा डोक्यावर टांगलेला असताना माणूस मोकळेपणाने जगू शकत नाही. टास्मानियाच्या सरकारने दोन कारणे पुढे केली: सार्वजनिक आरोग्य आणि नैतिकता. समितीने ३१ मार्च १९९४ रोजी दोन्ही फेटाळली. अशा कायद्याने एड्स रोखला जात नाही, उलट लोक लपतात आणि उपचारापासून दूर राहतात. आणि नैतिकता हा पूर्णपणे देशाचा अंतर्गत मामला मानला, तर खासगी आयुष्यातल्या कोणत्याही ढवळाढवळीला वाट मोकळी होईल. करारातल्या ‘लिंग’ या शब्दात लैंगिक कलाचाही समावेश होतो, असे समितीने सांगितले. टास्मानियाने तो कायदा १९९७ मध्ये रद्द केला.

नवा करार झाला नाही. जुन्या करारातला एक शब्द पूर्ण अर्थाने वाचला गेला, एवढेच.

आपणही याच दरवाजातून गेलो

आता हे आपल्या चळवळीशी ताडून पाहू.

अस्पृश्यतेचा प्रश्न जगासमोर मांडण्याचा विचार बाबासाहेबांनी फार आधी केला होता. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांनी मागवल्या, कारण अस्पृश्यांच्या वतीनेही तसे पाऊल उचलण्याचा त्यांचा विचार होता. आपल्यावरचा अन्याय हा कोणत्याही देशाचा ‘घरगुती मामला’ नाही, ही भूमिका आपल्या चळवळीत तेव्हापासून आहे.

१९६५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंशभेद निर्मूलनाचा करार केला. त्यात वंश आणि रंग यांच्या जोडीला ‘डिसेंट’ म्हणजे कुळ, वंशपरंपरा हा शब्द आला. तो घालण्याची सूचना भारतानेच केली होती. पुढे मात्र जात या शब्दात बसत नाही, असे भारत सरकार म्हणू लागले. १९९६ मध्ये या कराराच्या समितीने सरकारचे म्हणणे मान्य केले नाही. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न जगाच्या वेशीवर टांगला, तेव्हा सरकारने कडाडून विरोध केला. २००२ मध्ये समितीने आपल्या २९ व्या सर्वसाधारण शिफारशीत स्पष्ट लिहिले, की जात आणि तिच्यासारख्या जन्माधारित उतरंडीवरून होणारा भेदभाव ‘डिसेंट’मध्ये येतो.

दोन्ही कहाण्या शेजारी ठेवून पाहा. ‘लिंग’ या शब्दातून लैंगिक कल आत आला, ‘डिसेंट’ या शब्दातून जात आत आली. दोन्ही वेळा विरोधक म्हणाले की यादीत हा शब्द कुठे आहे. दोन्ही वेळा संस्कृतीची आणि अंतर्गत मामल्याची ढाल पुढे झाली. दोन्ही वेळा उत्तर एकच मिळाले: भेदभावाच्या कारणांची यादी माणसाला बाहेर ठेवण्यासाठी बनवलेली नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे, की जो कार्यकर्ता डर्बनचा अभिमान बाळगतो, त्याला समलैंगिक माणसाच्या हक्काला ‘परदेशी फॅड’ म्हणता येत नाही. तसे म्हटले तर तो स्वतःच्याच युक्तिवादाची मुळे कापतो.

टूनेननंतर काय झाले

त्या निकालानंतर गोष्टी वेगाने पुढे गेल्या. २००३ मध्ये मानवी हक्क समितीने ऑस्ट्रेलियाच्याच यंग खटल्यात सांगितले, की माजी सैनिकाच्या जोडीदाराला मिळणारे निवृत्तिवेतन जोडीदार पुरुष आहे म्हणून नाकारणे हा भेदभाव आहे. म्हणजे प्रश्न तुरुंगापुरता उरला नाही, भाकरीपर्यंत आला. २००९ मध्ये आर्थिक व सामाजिक हक्कांच्या समितीने ‘इतर दर्जा’ या शब्दांत लैंगिक कल येतो असे नमूद केले. शिक्षण, नोकरी, घर, आरोग्य या सगळ्यांना हे लागू आहे.

नोव्हेंबर २००६ मध्ये इंडोनेशियातल्या योग्यकर्ता शहरात मानवी हक्कांचे तज्ज्ञ जमले. आधीच अस्तित्वात असलेला कायदा लैंगिक कल आणि लिंगभाव ओळख यांना कसा लागू होतो, याची तत्त्वे त्यांनी लिहून काढली. ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांना ‘योग्यकर्ता तत्त्वे’ म्हणतात. हा करार नाही, देशांवर तो थेट बंधनकारक नाही. पण न्यायालये त्याचा आधार घेतात, हे पुढे दिसेल.

२०११ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत या विषयावरचा पहिला ठराव दक्षिण आफ्रिकेने मांडला. वर्णद्वेषाच्या नरकातून बाहेर आलेल्या या देशाने आपल्या १९९६ च्या संविधानात लैंगिक कलावरून भेदभावाला स्पष्ट बंदी घातली आहे. ज्यांनी रंगाचा भेद सोसला, त्यांनीच हा प्रश्न जगापुढे नेला. २०१६ मध्ये परिषदेने या विषयासाठी स्वतंत्र तज्ज्ञाचे पद निर्माण केले. पहिले तज्ज्ञ होते थायलंडचे कायद्याचे प्राध्यापक वितित मुंतरभोर्न.

भारताची भूमिका काय होती? २०१४ आणि २०१६ या दोन्ही ठरावांच्या वेळी भारत तटस्थ राहिला. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कर्मचाऱ्यांच्या समलिंगी जोडीदारांना लाभ देण्याचा निर्णय मागे घ्यावा, असा ठराव रशियाने आणला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. तो ठराव पडला.

भारतातला कायदा: कुठवर आला, कुठे अडला

भारतीय दंड संहितेतले कलम ३७७ इंग्रजांनी १८६० मध्ये आणले. इंग्लंडने स्वतःकडचा असा कायदा १९६७ मध्ये सैल केला, आपण मात्र तो पुढे अर्धशतक सांभाळला. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी ‘नाझ फाउंडेशन’ खटल्यात प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते हे कलम रद्दबातल ठरवले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. शेवटी ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ‘नवतेजसिंग जोहर’ खटल्यात एकमताने सांगितले, की प्रौढांचे परस्परसंमतीचे संबंध गुन्हा नाहीत.

या निकालांत एक शब्द वारंवार येतो: संविधानिक नैतिकता. हा शब्द संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी वापरला होता. ही नैतिकता माणसात आपोआप येत नाही, ती जोपासावी लागते, असे ते म्हणाले होते. ‘नाझ’ निकालातही बाबासाहेबांचा आधार आहे आणि ‘नवतेज’ निकालातही. बहुसंख्याकांना काय आवडते ही समाजाची नैतिकता. संविधान काय सांगते ही संविधानिक नैतिकता. दोन्हींत भांडण झाले तर दुसरी जिंकते, हे या निकालांचे सार. चवदार तळ्यावर आपण हेच तर म्हणत होतो!

मधल्या काळात १५ एप्रिल २०१४ रोजी ‘नालसा’ निकाल आला. संविधानाच्या कलम १५ आणि १६ मधला ‘लिंग’ हा शब्द केवळ शरीरापुरता नाही, त्यात लिंगभाव ओळखही येते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आणि योग्यकर्ता तत्त्वांचा आधार घेतला. ‘नवतेज’ निकालात हाच अर्थ लैंगिक कलापर्यंत नेला गेला. टूनेन खटल्यातली युक्ती भारतीय संविधानात उतरली ती अशी.

पण म्हणून सगळे मिळाले असे नाही.

पहिली अडचण: गुन्हा नाही म्हणजे समान वागणूक मिळते असे नव्हे. २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथीयांबाबत शाळा, नोकरी, दवाखाना, भाड्याचे घर येथे भेदभावाला मनाई केली. पण समलैंगिक माणसाला खासगी मालकाने कामावरून काढले किंवा घरमालकाने खोली खाली करायला लावली, तर थेट बोट ठेवता येईल असा सर्वसमावेशक भेदभावविरोधी कायदा झालेला नाही. जातीसाठी आपल्याकडे अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, येथे तसे काही नाही. संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, हॉटेल, विहिरी, पाणवठे यांत कोणालाही अटकाव करता येणार नाही असे म्हटले आहे. ‘लिंग’ या शब्दाचा नवा अर्थ या कलमालाही लागला पाहिजे, असे आमचे मत आहे.

दुसरी अडचण: १७ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘सुप्रियो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला आणि तो विषय संसदेचा मानला. त्यानंतर सरकारने समिती नेमली. ऑगस्ट २०२४ मध्ये संयुक्त बँक खाते उघडण्यास आणि जोडीदाराला नॉमिनी करण्यास आडकाठी नाही, तसेच रेशनकार्डासाठी असे जोडीदार एका कुटुंबातले मानावेत, अशा सूचना निघाल्या. या सूचना आहेत, कायदा नाही.

तिसरी अडचण: १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्यात कलम ३७७ चा मजकूर कोणत्याच रूपात ठेवला नाही. त्याबरोबर प्रौढ पुरुषावरील बलात्काराला थेट लागू होणारे कलमही गेले.

चौथी अडचण आंतरराष्ट्रीय आहे. टूनेन यांनी थेट समितीकडे तक्रार केली, कारण ऑस्ट्रेलियाने तशी मुभा देणारा जोडकरार स्वीकारला होता. भारताने तो स्वीकारलेला नाही. वंशभेद करारातली वैयक्तिक तक्रारीची सोयही भारताने मान्य केलेली नाही. म्हणून जातीचा बळी असो की समलैंगिक तरुण, दोघांनाही जिनिव्हाला स्वतःची तक्रार नेता येत नाही. येथेही आपण एकाच रांगेत उभे आहोत.

मग आंतरराष्ट्रीय कायद्याचा उपयोग काय?

उपयोग आहे, आणि तो तीन वाटांनी होतो.

एक, न्यायालयाची वाट. संविधानाचे कलम ५१(क) नव्हे, ५१ मधील (सी) हे उपकलम आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर राखायला सांगते. देशात कायदा नसेल, तर न्यायालय आंतरराष्ट्रीय करार वाचून हक्काचा अर्थ लावते. १९९७ च्या ‘विशाखा’ निकालात कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वे अशीच तयार झाली. ‘नालसा’ हे दुसरे उदाहरण.

दोन, मानवी हक्क आयोगाची वाट. १९९३ च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याच्या व्याख्येत वरचे दोन्ही करार येतात. पोलीस किंवा सरकारी कर्मचाऱ्याने त्रास दिला तर राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते.

तीन, अहवालाची वाट. करार मान्य केलेल्या देशाला समितीपुढे हिशेब द्यावा लागतो. नागरी व राजकीय हक्कांच्या समितीपुढे भारताची तपासणी १९९७ नंतर थेट जुलै २०२४ मध्ये झाली. अशा वेळी संघटना स्वतःचा पर्यायी अहवाल पाठवू शकतात. दलित संघटनांनी जातीबाबत हे काम वर्षानुवर्षे केले आहे. त्या अहवालांत दलित समलैंगिक आणि तृतीयपंथीयांची दुहेरी कोंडी मांडणे हे पुढचे पाऊल आहे.

बाबासाहेबांनी १९३४ मध्ये काय केले

‘आधी जात, मग बाकीचे’ असे म्हणणाऱ्या मित्रांसाठी एक खटला सांगतो. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणावर उघड लिहिणारा तो माणूस. हस्तमैथुन आणि समलैंगिकता यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना मासिकातून उत्तरे दिली, म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये मुंबईच्या न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, लोक प्रश्न विचारत असतील तर त्यांना ज्ञान मिळाले पाहिजे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. समलैंगिकतेबाबत त्यांनी हॅवलॉक एलिस या शास्त्रज्ञाच्या संशोधनाचा दाखला दिला. कर्वे खटला हरले, त्यांना २०० रुपये दंड झाला.

त्या वेळी बाबासाहेबांच्या हातात काय कमी काम होते? गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकतेच होऊन गेले होते. तरीही हे वकीलपत्र त्यांनी घेतले. हा ‘आपला’ प्रश्न नाही, असे ते म्हणाले नाहीत.

धम्म आणि बौद्ध देश

काही उपासक पंचशीलातल्या तिसऱ्या शीलाकडे बोट दाखवतात. आमच्या समजुतीप्रमाणे ते शील कामवासनेतून होणाऱ्या दुराचाराविषयी आहे: फसवणूक, बळजबरी, दुसऱ्याच्या विश्वासाचा घात. ते स्त्री-पुरुषाच्या नात्यालाही तितकेच लागू आहे. विनयपिटकात संघप्रवेशाबाबत काही बंधने आहेत हे खरे. पण ते भिक्खूंच्या दीक्षेचे नियम आहेत. कोणाला खोली द्यायची, कोणाला नोकरी द्यायची, कोणाला घरातून हाकलायचे, याचा तो परवाना नाही.

बौद्धबहुल देशांचा अनुभव संमिश्र आहे. श्रीलंकेत इंग्रजांच्या काळातला कायदा टिकला, इतकेच नव्हे तर १९९५ मध्ये तो स्त्रियांनाही लागू केला गेला. त्याविरुद्ध रोझाना फ्लेमर-काल्डेरा यांनी स्त्रियांवरील भेदभावविरोधी कराराच्या समितीकडे दाद मागितली. २०२२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने कौल दिला. भूतानने २०२१ मध्ये असे संबंध गुन्ह्याच्या यादीतून काढले. थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून समलिंगी विवाह कायदेशीर झाले. आणि तथागतांची जन्मभूमी लुंबिनी ज्या देशात आहे, त्या नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००७ मध्येच लैंगिक अल्पसंख्याकांना समान हक्क देण्याचा आदेश दिला. ‘आशियाई संस्कृतीत हे बसत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी नकाशा पाहावा.

आपल्या भागात काय करायचे?

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत वंचित बहुजन आघाडीने आपल्या रावेर मतदारसंघातून शमिभा पाटील या तृतीयपंथी कार्यकर्तीला उमेदवारी दिली. निकाल काहीही लागो, केळीच्या पट्ट्यातल्या गावागावांत एका तृतीयपंथी उमेदवाराने मते मागितली, ही साधी गोष्ट नाही. पण निवडणूक संपली की रोजचे आयुष्य उरते. त्यासाठी काही ठोस गोष्टी सुचवतो.

पहिली गोष्ट लग्नाची. आपल्या समाजात वधू-वर परिचय मेळावे मोठ्या उत्साहाने भरतात. मुलगा किंवा मुलगी ‘मला लग्न करायचे नाही’ असे पुन्हा पुन्हा सांगत असेल, तर एकदा कारण शांतपणे ऐकून घ्या. दाबून लावलेल्या अशा लग्नात दोन आयुष्ये उद्ध्वस्त होतात. ज्या मुलीचा काही दोष नाही, तिचे आयुष्य तर नक्कीच.

दुसरी गोष्ट उपचाराची. कल ‘बदलून देतो’ असे सांगणाऱ्या डॉक्टराकडे किंवा भोंदूकडे मुलाला नेऊ नका. असे उपचार करणे हे डॉक्टरसाठी व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवले आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात लैंगिक कलावरून भेदभाव करता येणार नाही, असे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे. मूल खचले असेल तर त्या कायद्याचा आधार घेऊन समुपदेशन मिळवा. कल मोडण्यासाठी नव्हे, मूल जगवण्यासाठी.

तिसरी गोष्ट कायदेशीर मदतीची. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना, महिलांना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. १५१०० हा मदत क्रमांक विहाराच्या फलकावर लिहून ठेवा. घरच्यांनी डांबून ठेवलेल्या सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयांना सांगितले आहे, की त्या व्यक्तीची स्वतःची इच्छा विचारा, समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलायला लावू नका.

चौथी गोष्ट भाषेची. आपल्या सभांमध्ये विरोधकाला हिणवण्यासाठी ‘हिजडा’, ‘बायल्या’ असे शब्द सर्रास येतात. जातिवाचक शिवी ऐकली की आपले रक्त उसळते. मग ही शिवी ऐकून समोर बसलेल्या एखाद्या पोराचे काय होत असेल, याचा विचार वक्त्याने भाषणाआधी करावा.

पाचवी गोष्ट अभ्यासाची. ६ डिसेंबरच्या अभिवादनानंतर चारच दिवसांनी १० डिसेंबर, मानवी हक्क दिन येतो. त्या दिवशी विहारात जाहीरनाम्याचे पहिले दोन अनुच्छेद आणि संविधानाची कलमे १४, १५, १७ आणि २१ एकत्र वाचावीत. त्यांत जात कुठे येते आणि लैंगिक कल कुठे येतो, याची चर्चा तरुण-तरुणींनीच चालवावी.

आपल्याला माणूसपण कोणी दान दिले नाही, आपण ते लढून घेतले. लढताना आपण जगाला सांगितले, की जन्मावरून कोणाची पायरी ठरवता येणार नाही. ते वाक्य ‘पण’ लावून अर्धवट सोडता येत नाही. आपल्याच वस्तीतला एखादा मुलगा, एखादी मुलगी आज गप्प बसून आपण काय बोलतो ते ऐकत आहे. त्यांना घरातून, विहारातून, चळवळीतून बाहेर जावे लागू नये, एवढे तर आपल्याच हातात आहे.

जयभीम! नमो बुद्धाय! जय संविधान!